साहित्य : तीन पातेली, घड्याळ, आई

९ जून

ती. ताईंना नमस्कार,

तुमच्या कानांनी फोनशी कट्टी घेतल्यापासून तुम्हाला काही सांगायचं तर टपालपेटीपर्यंत चालावं लागतं. चांगलंच आहे, तेवढाच व्यायाम.

बातमी अशी की खारूची शाळा सुटली. म्हणजे आम्ही सोडवली. पाणी किती अंशांना उकळतं, या प्रश्नाला तिने ‘कुठे उकळताय त्यावर आहे’ असं उत्तर लिहिलं आणि बाईंनी भोपळा दिला. हे शाळेत गेले. बाईंना वर्गासमोर उभं करून अर्धा तास हवेचा दाब समजावला. बाई पोरांदेखत रडल्या. मुख्याध्यापकांनी ह्यांना माफी मागायला सांगितलं, तर ह्यांनी खारूचं दप्तर उचललं आणि तिला घरी घेऊन आले. आता ती घरीच शिकणार. ह्यांची पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत दुपारपाळी असते, म्हणून सकाळी आठ ते अकरा विज्ञान ह्यांच्याकडे. भाषा आणि गणित माझ्याकडे, तेही हे तपासणार.

मी चष्म्याचं दुकान सोडलं. अकरा वर्षं काचा घासल्या, हात अजून सकाळी काच घासायचं चाक शोधतात. हे म्हणतात, विज्ञानाच्या तासाला तूही बस, दहावीला राहिलेला विषय निघून जाईल. खारू खूप हसली. मीही हसले.

तुम्ही तीस वर्षं विज्ञान शिकवलंत. घरच्या सामानात होतील असे प्रयोग कळवाल का? स्वयंपाकघरातलं टेबल आता आमची प्रयोगशाळा आहे. जेवायला आम्ही जमिनीवर बसतो.

तुमची
चष्मेवाली


१७ जून

चि. चष्मेवालीस आशीर्वाद,

शाळा सोडवली हे उत्तम. शाळेत मी आयुष्य काढलं म्हणून सांगते, तिथे विज्ञान तोंडाने शिकवतात. ते हाताने शिकायचं असतं.

सोबत बारा प्रयोग लिहिले आहेत. सोडा आणि व्हिनेगरने फुगा फुगवणे, मिठाच्या पाण्यात अंडं तरंगवणे, नाक दाबून सफरचंद आणि कच्चा बटाटा ओळखणे वगैरे. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेव. आईबापांनी खुर्चीत बसून बघायचं नाही. पोरीबरोबर हात ओले करायचे, चुकायचं. तुला येत नाही हे तर फारच छान. मुलाला आपल्याहून कच्चं कुणीतरी वर्गात लागतं, त्याशिवाय उत्साह टिकत नाही. तू विद्यार्थिनी हो.

तुझ्या नवऱ्याला मी असंच घडवलं. आमची आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा आणि मी वीसची. परीक्षानळी तापवून त्याच्या हातात द्यायची आणि प्रश्न विचारायचा. बरोबर उत्तर आलं की नळी खाली ठेवायची. चुरूचुरू बोलायचा! आज बघ, अख्ख्या शहराचं पाणी त्याच्या सहीशिवाय नळाला येत नाही.

लाड कमी कर. खारूला पापा.

ताई


१२ जुलै

ती. ताईंना नमस्कार,

फुगा फुगला, फुटला, आणि छतावर व्हिनेगरचा डाग पडला. खारूने डागाचा व्यास मोजला. आम्ही तिघं पोट धरून हसलो. हे इतके हसताना मी लग्नानंतर दोनदाच पाहिलेत.

नाक दाबायचा प्रयोगही झाला. माझ्या डोळ्यांवर पट्टी, नाकाला कपड्यांचा चिमटा. खारू भरवत होती. मी आधी सफरचंद म्हटलं, मग बटाटा, मग पुन्हा सफरचंद. सहाही वेळा बटाटाच होता! सफरचंद आणलंच नव्हतं. हे म्हणाले, ‘‘बघ खारू, माणसाला जे सांगितलं जातं तेच तो खातो.’’ खारू खुर्चीवरून पडेपर्यंत हसली. मी म्हटलं, आता तुमची पाळी. हे म्हणाले, ज्याला प्रयोग माहीत आहे त्याच्यावर तो करता येत नाही. ते खरंच आहे म्हणा.

फ्रिजवर आता एक तक्ता आहे. ‘आईच्या चुका’. खारूने रंगीत पेनांनी आखलाय. या महिन्यात एकतीस. त्यातल्या चार मला मान्य नाहीत, पण तक्रार केली की तीही चूक धरतात.

परवा खारू शेजारच्या काकूंना म्हणाली, ‘‘आई ना, आमची प्रयोगातली आई आहे.’’ काकूंना काही कळलं नाही. मलाही नीटसं कळलं नाही.

पट्टीचाही प्रयोग केला. वरून मोजपट्टी सोडायची आणि खालच्याने चिमटीत पकडायची. मी एकदाही पकडू शकले नाही. मी खारूकडे बघितलं की हे सोडायचे.

तुमची
चष्मेवाली


२० जुलै

चि. चष्मेवालीस,

तुझं पत्र वाचून मी एकटीच इतकी हसले की खालच्या मजल्यावरची बाई काठीने छत ठोकू लागली. मला ऐकू आलं नाही, पायाखाली कळलं.

तक्त्याची कल्पना फक्कड. मी वर्गात असाच तक्ता लावायची, ‘आजचा दगड’. पोरं रडायची आणि दुसऱ्या दिवशी अभ्यास करून यायची. तुझं कातडं फार पातळ आहे. जरा जाड कर. नवरा आणि लेक दोघं मिळून शिकवतायत, असं भाग्य किती जणींना मिळतं?

ताई


१४ ऑगस्ट

ती. ताईंना नमस्कार,

आज मला कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या मंगळवारी भिंगं होती. दुकानातून आणलेल्या जुन्या काचांचा डबा माझ्याकडे होता, तो मी काढला. ह्यांनी अधिक पाच नंबरची काच उचलली आणि खारूला सांगितलं, ‘‘हिचं नाभीय अंतर पन्नास सेंटिमीटर.’’ मी कणीक मळत होते. तोंडातून निघून गेलं, ‘‘पन्नास दोन नंबरचं. पाचचं वीस.’’

हे म्हणाले, ‘‘काय?’’

मी म्हटलं, ‘‘शंभर भागिले नंबर. अकरा वर्षं घासल्यात मी.’’

खारू मोजपट्टी घेऊन खिडकीत गेली. उन्हाचा ठिपका कागदावर आणला, काच मागेपुढे केली, मोजलं. वीस. पुन्हा मोजलं. वीस. मग ती म्हणाली, ‘‘बाबा, आई बरोबर आहे.’’ आणि ताई, तिने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. जसं एखाद्या घरात आपण वर्षानुवर्षं राहतो आणि एक दिवस कळतं की आणखी एक खोली आहे.

मी तिला सगळा डबा दाखवला. जाड काच, पातळ काच, आडवा नंबर, उभा नंबर. ती म्हणाली, हे मला वहीत लिहून दे. मी लिहून दिलं. माझ्या अक्षरात, तिच्या विज्ञानाच्या वहीत, दोन पानं.

हे दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वहीतली ती पानं नव्हती. खारूला विचारलं तर ती म्हणाली, ‘‘बाबा म्हणाले, ती कारागिरी आहे, विज्ञान नाही.’’ आणि ह्यांनी जेवताना जाहीर केलं की आता आपण माणसाच्या शरीराचे प्रयोग करणार, आणि शरीर आईचं.

मला जरा भीती वाटते. कसली ते सांगता येत नाही. तुम्हाला लिहिलंय हे ह्यांना कळवू नका.

तुमची
चष्मेवाली


२३ ऑगस्ट

चि. चष्मेवालीस,

तुझी हुशारी कळली. पण नवऱ्याची चूक पोरीसमोर काढायची नसते, एवढं तुला अकरा वर्षांत कुणी शिकवलं नाही? शिक्षकाला वर्गात खोटं पाडलं की वर्ग संपतो. तो बोलत नाही म्हणजे दुखावलाय. लहानपणापासून तसाच आहे. तुलाच पुढे व्हावं लागेल.

मी एक उपाय सुचवते. तीन पातेल्यांचा प्रयोग करा. एकात गरम पाणी, एकात बर्फाचं, मधल्यात कोमट. एक हात गरमात, एक थंडात, मग दोन्ही मधल्यात घालायचे. एकाच पाण्यात एक हात सांगतो गार आहे, दुसरा सांगतो कढत आहे. यात जगातला प्रत्येक जण फसतो, म्हणून कुणाचाच अपमान होत नाही. हसतखेळत समेट होईल.

त्यालाही आजच्याच टपालाने लिहिते आहे.

ताई


१९ सप्टेंबर

ती. ताई,

अक्षर वाईट आहे, माफ करा. डाव्या हाताने लिहिते आहे. उजव्या हाताला स्वयंपाकघरात जरासं भाजलं. काळजी नको.

तीन पातेल्यांचा प्रयोग झाला. खारू मजेत आहे.

चष्मेवाली


२६ सप्टेंबर

चि. चष्मेवालीस,

पत्र आहे की मुंग्यांची वरात? जरासं भाजलं म्हणून तीन ओळी! मी हात मोडला असताना चाळीस उत्तरपत्रिका तपासल्या होत्या. आणि प्रयोगाचं काय झालं ते लिहायचं सोडून ‘झाला’. कोण फसलं, किती फसलं? विज्ञानात ‘झाला’ चालत नाही.

खारूलाच म्हणावं आत्याला सविस्तर लिही. ती तुझ्यापेक्षा नीट लिहील.

ताई


३ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

आई म्हणाली तू प्रयोगाची माहिती मागितलीस. आई म्हणाली नको लिहूस, पण बाबा म्हणाले लिही, आत्या खूश होईल. म्हणून लिहिते.

विषय : माणसाला उष्णता किती कळते.

साहित्य : तीन पातेली, बर्फ, किटली, तापमापी, घड्याळ, डोळ्यांवर बांधायची पट्टी, आई.

कृती : आईच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. डावा हात बर्फात, उजवा गरम पाण्यात. सुरुवातीला गरम पाणी ४२ अंश होतं. आई म्हणाली छान वाटतंय. मग बाबा बोटाने खूण करतील तेव्हा मी किटलीतून ओतायचं, असं ठरलं होतं. आईला आकडे सांगायचे नाहीत. ४६. ४९. ५२ ला आई म्हणाली, ‘‘आता पुरे.’’ बाबा म्हणाले, ‘‘ज्याला भिंगातलं सगळं कळतं त्याला पाण्यातलंही कळायला हवं. हात काढलास तर खारूची नोंद वाया जाईल.’’ आईने विचारलं, ‘‘खारू, वाया जाईल का गं?’’ मी म्हटलं, ‘‘हो.’’ मग आईने हात तसाच ठेवला. ५८ ला बाबा म्हणाले, ‘‘आता ओतू नकोस, वेळ मोज.’’

निरीक्षण : आईने २१ सेकंदांनी हात काढला. मनगटापर्यंत लाल झाला होता. तासाभराने फोड आले. मधल्या पातेल्यात हात घालायचा राहून गेला. आईने त्या दिवशी बटाटे डाव्या हाताने सोलले. एका बटाट्याला सात मिनिटं लागली.

अनुमान : आईला उष्णता उशिरा कळते.

बाबांनी दहापैकी दहा दिले.

शंका : पट्टीच्या खालून आईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. बाबा म्हणाले वाफेमुळे. पण वाफ आईच्या हनुवटीपर्यंतसुद्धा पोचत नव्हती, मी बघितलं होतं. तू सांगशील का? बाबांना परत विचारलं तर ते म्हणतात मीही आईसारखी होत चालले आहे.

तुझी
खारू


१० ऑक्टोबर

धाकट्या,

खारूचं पत्र मिळालं. मी ते चार वेळा वाचलं. चष्मा बदलून वाचलं.

अठ्ठावन्न अंश. तू पाण्याचा माणूस आहेस. अठ्ठावन्न अंशांचं पाणी एकवीस सेकंदांत काय करतं हे तुला मी सांगायला हवं का? आणि ते तू पोरीच्या हाताने करवलंस. बायकोला डॉक्टरकडे नेलंस की नाही ते उलट टपाली कळव. आणि ते सगळे प्रयोग आजपासून बंद. तक्ता फाडून टाक.

ताई


१८ ऑक्टोबर

प्रिय ताई,

पत्र मिळालं. पाय दुखतात का अजून? खोलीत ओल असेल तर खाटेची जागा बदल.

तीन पातेल्यांचा प्रयोग तूच पाठवला होतास. मी फक्त आकडे बदलले. माझी चूक काढल्याचं बायकोने तुला लिहिलं ही बातमीही तूच मला कळवलीस, ‘तिने मोठ्या आनंदाने लिहिलंय’ असं म्हणून. मला ते माहीत नव्हतं, की ती आनंदात होती. कळलं ते बरं झालं.

माझ्या डाव्या तळहातावर तीन गोल डाग आहेत. ऑफिसात कुणी विचारलं तर मी सांगतो, आमच्या ताईने शिकवलंय. त्यांना ते कौतुकच वाटतं. मलाही बरीच वर्षं वाटायचं. तू त्या नळ्यांचे अंश मोजले होतेस का गं? मी तर मोजतो.

खारूचं अनुमान चूक आहे असं तुला वाटत असेल तर तसं तिला कारण देऊन लिही. ती पुरावा असेल तर मानते.

तुझा
धाकटा


३० ऑक्टोबर

ताई,

हा पत्ता नवा आहे. चष्म्याच्या दुकानाच्या मागे, मागच्या जिन्याने वर जावं लागतं. एक खोली आणि बेसिन.

डॉक्टरांकडे मी एकटीच गेले, उशिराच गेले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता पूर्ण मिटत नाहीत. कातडी आखडली आहे. मालकांनी गल्ल्यावर बसवलंय. चाकावर नाही बसवता येणार म्हणाले, काच निसटेल.

तुमच्या भावाच्या कपाटात हाताला बांधायच्या पट्ट्या शोधताना तुमचं पत्र सापडलं. तेवीस ऑगस्टचं. ‘तुझ्या बायकोने मोठ्या आनंदाने लिहिलंय की तू खारूसमोर खोटा पडलास. बायकोला फार डोक्यावर बसवू नकोस, आणि मनावरही घेऊ नकोस.’ मी तुम्हाला लिहिलं होतं, कळवू नका.

मी बॅग भरली तेव्हा तो दारात उभा राहिला. अडवलं नाही. खारूला हाक मारली आणि म्हणाला, ‘‘विचार तिला, तिला यायचंय का.’’ मी विचारलं. ती त्याच्याकडे बघत होती. म्हणाली, ‘‘मला इथेच राहायचंय. आई ढ आहे.’’ त्याने फक्त फ्रिजवरचा तक्ता काढून माझ्या हातात दिला. म्हणाला, ‘‘हा तुझा आहे.’’

मी तो तक्ता जिन्यात टाकून आले.

मी


८ नोव्हेंबर

चि. चष्मेवालीस,

चष्मेवाली म्हणू की नको, असा विचार करत दहा मिनिटं पेन धरून बसले होते.

माझं चुकलं. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा लिहिलंय ते आठवून बघितलं, आठवलं नाही. तुझ्या पत्रातलं त्याला कळवलं ते चुकलं. तुझ्या अक्षराची टिंगल केली ते चुकलं. आणि त्याच्या हातावरचे डाग मी रोज बघत होते. वाढत्या वयात जातील म्हणायचे. गेले नाहीत, हे मला त्याच्या पत्रातून कळलं. त्याच घरात मी त्याच्यासोबत पुढची बारा वर्षं राहत होते.

पण पोरीला तिथे ठेवू नकोस. ती दहा वर्षांची आहे. ती जे बोलली ते तिचं नव्हतं. तिला घेऊन ये.

ताई


१६ नोव्हेंबर

ताई,

नाही.

ती दहा वर्षांची आहे, पण तिला तापमापी वाचता येते. तुम्हीच तिच्या नोंदी वाचल्यात. मी विचारलं होतं, वाया जाईल का? ती म्हणू शकली असती, आई काढ हात. दोन शब्द होते. तिने हो म्हटलं आणि पुन्हा ओतलं. मी पट्टीखालून तिच्या बांगडीचा आवाज ऐकत होते. किटली उचलली की बांगडी वाजायची. सहा वेळा वाजली.

आता गल्ल्यावर कुणी मुलगी आईचा हात धरून आली की मी चष्म्यांचे डबे पुसायला खाली वाकते. इतकंच सांगते. तुम्हाला तिची एवढी काळजी असेल तर तुम्ही ठेवा. घडवा तिला. तुम्हाला अनुभव आहे.

मी


५ डिसेंबर

प्रिय आत्या,

आई तुला पत्र लिहिते का? मला लिहीत नाही. बाबा म्हणाले पत्ता माहीत नाही, पण मला वाटतं माहीत आहे.

आता विज्ञानाच्या तासाला आम्ही दोघंच असतो. थंडीचा प्रयोग चालू आहे. बाबा म्हणाले, शरीर तर लागणारच, आणि आता घरात एकच उरलंय. सकाळी गॅलरीत बर्फाच्या पाण्यात पाय ठेवायचे आणि दर मिनिटाला नाडी मोजून लिहायची. मी स्वतःची मोजते म्हणून कधी कधी चुकते. चुकलं की पहिल्यापासून. काल चार वेळा पहिल्यापासून झालं.

मी ओरडत नाही. बाबा म्हणतात, आई तरी ओरडली नव्हती.

एक विचारायचं होतं. बोटं पांढरी झाली तर किती वेळाने परत लाल होतात? बाबा म्हणाले स्वतः शोध. डाव्या पायाची लाल झाली, उजव्या पायाच्या दोन बोटांना अजून मुंग्या येतात.

आणि त्या वाफेच्या शंकेचं तू उत्तर दिलं नाहीस. मला वाटतं मला उत्तर माहीत आहे. तरी तू लिही.

खारू


१४ डिसेंबर

चष्मेवाली,

खारूचं पत्र सोबत पाठवते आहे. आधी ते वाच, मग हे.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटेची बस धरली. पाच तास. दार उघडंच होतं. खारू गॅलरीत स्टुलावर, पाय बादलीत, मांडीवर वही. तो समोर घड्याळ घेऊन. मी तिचे पाय बाहेर काढले आणि माझ्या शालीत गुंडाळले. त्याने अडवलं नाही. तो तोंड फिरवून बोलू लागला. माझ्याकडे पाठ करून. मला ओठ वाचावे लागतात हे त्याला माहीत आहे. मी म्हटलं, ‘‘इकडे बघून बोल.’’ तो फिरला नाही. मग खारूच मला सांगू लागली, एकेक वाक्य, नीट उच्चार करून, जसं धडा म्हणतात तसं.

‘‘आत्या, बाबा म्हणतात, तू थकली आहेस, बस.’’

‘‘आत्या, बाबा म्हणतात, माझा हात धरून तूच हे सगळं दाखवलंस.’’

‘‘आत्या, बाबा म्हणतात, खारूला विचार तिला यायचंय का.’’

ती ते म्हणाली आणि बापाच्या पाठीकडे बघत राहिली.

मी विचारलं नाही. दहा वर्षांच्या पोरीला हा प्रश्न विचारायचाच नसतो, बाई. काय उत्तर देईल ती? त्याने तो तुझ्याकडून विचारून घेतला, तिच्यासमोर, त्याच्या नजरेखाली, आणि तू त्या उत्तरावर निघून गेलीस. मी तिला मोजे घातले, बूट घातले, स्वेटर घातला आणि जिना उतरले. खाली आल्यावर ती म्हणाली, ‘‘आजची नोंद अर्धीच राहिली.’’ मी म्हटलं, राहू दे. तेव्हा ती रडायला लागली. बस सुटेपर्यंत रडत होती. लोक माझ्याकडे बघत होते, मीच पोरगी पळवून नेतेय असं.

इथल्या डॉक्टरांनी पाय बघितला. वाचला. एका बोटाचं नख जाईल.

वाफेचं मी तिला सांगितलं. म्हटलं, वाफ नव्हती. ती म्हणाली, ‘‘मला वाटलंच.’’ मग म्हणाली, ‘‘मी आईकडे बघितलं असतं तर मला ओतता आलं नसतं. म्हणून मी तापमापीकडे बघत होते.’’

आता जे लिहिते ते लिहायला मला लाज वाटते. मी तिला ठेवून घेऊ नये. काल ती सातचा पाढा म्हणताना चुकली आणि माझा हात उठला. चौसष्ट वर्षांची आहे मी. हात वर जाऊन थांबला, पण उठला. ती मागे सरकली नाही. डोळे मिटून, मान पुढे करून उभी राहिली, मला सोपं जावं म्हणून.

तुझा तिच्यावर राग आहे. असू दे. तो माझ्या प्रेमापेक्षा बरा.

ताई


१९ डिसेंबर

ताई,

पत्र सकाळी आलं. दिवसभर गल्ल्यावर तीन जणांना चुकीचे चष्मे दिले. एक बाई अर्ध्या रस्त्यातून परत आली, म्हणाली, मला सगळं लांब दिसतंय.

तिला शनिवारी आणा.

मी तिला बघून लगेच जवळ घेईन असं समजू नका. तिलाही तसं सांगून आणू नका. मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही, कारण लपवलेलं तिने पुष्कळ बघितलंय. सुरुवातीला कामापुरतंच बोलेन. तिला माझा हात बघायचा असेल तर दाखवेन. किती मिटतो ते मोजू देणार नाही.

कॉट एकच आहे. कॉटवर ती झोपेल, मी खाली. सोमवारपासून कोपऱ्यावरच्या शाळेत घालणार आहे. तिथे विज्ञान तोंडाने शिकवतात, मी विचारून आले. चालेल मला. घरी माझ्याकडे शिक्षण होणार नाही. घरी जेवायचं, झोपायचं, भांडी घासायची.

तुम्ही तिला शनिवारी वर जिन्यापर्यंत सोडा आणि परतीची बस धरा. तुम्ही चुकलं म्हणालात ते मी वाचलं. मला अजून त्याला उत्तर देता येत नाही, आणि तुम्हाला आत बोलवताही येत नाही.

दार वाजवू नका. तिला वाजवू द्या. आणि वाजवायला वेळ लावला तर घाई करू नका तिला, मी आतच उभी असेन.

खारूची आई